बाहेरचा बाक

भिंगरी न विचारता उठली आणि तडक वर्गाबाहेर आली, तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या ताई ताडकन उभ्या राहिल्या.

पहिलाच दिवस, तोही जेमतेम अर्धा झालेला. याच शाळेच्या खिडकीवर खुर्ची भिरकावली म्हणून गेल्या वर्षी या पोरीला काढून टाकलं होतं. अशा काढलेल्या मुलांचा वर्ग ताई चालवत. तिथे तिला वर्षभर सांभाळून, शाळेचे उंबरठे झिजवून त्यांनी तिला परत आणलं होतं. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "एक तक्रार आली, की विषय संपला."

"ए, कुठे निघालीस? धर्मशाळा आहे का ही?" गणिताचे सर दारात येऊन ओरडले.

भिंगरीने वळूनही पाहिलं नाही. नळाखाली मनगटं धरून ती उभी राहिली.

ताईंनी कपाळावर हात मारला. त्यांच्या वर्गाचा नेमच होता तो: डोकं तापलं की कुणाला न विचारता उठायचं, नळावर जायचं, निवलं की परत यायचं. तो त्यांनी मुलांच्या अंगी पुरता मुरवला होता. इथे तो चालणार नाही, एवढं सांगायला मात्र त्या साफ विसरल्या. इतकी वर्षं मुलं शिकवून हे शहाणपण!

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक आले.

"सर, चूक माझी आहे," ताई घाईने म्हणाल्या. "मीच शिकवलंय तिला हे."

"तुमच्याकडे मुलं मूठभर. इथे वर्ग खचाखच भरलेत. उद्या सगळीच उठून नळावर गेली तर?"

माणूस वाईट नव्हता, म्हणून तर ते बोलणं ताईंना जास्त लागलं.

तेवढ्यात भिंगरी परत आली. ताईंकडे न बघता दाराशी थांबली.

"सर, मागचे त्या खुर्चीवरून चिडवत होते. डोकं फिरलं. विचारायचं राहिलं. येऊ आत?"

सरांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत राहिले.

"बस जा. पुढच्या वेळी हात वर करायचा," सर म्हणाले आणि मागच्या बाकावरच्यांना उभं केलं. मुख्याध्यापक चष्मा डोळ्यांवर चढवून निघून गेले. ताईंच्या जिवात जीव आला.

शाळा सुटल्यावर भिंगरी फाटकापाशी घुटमळली.

"ताई, उद्या नका येऊ."

"का गं? रागावलीस माझ्यावर?"

"नाही हो. तुम्ही बाहेर दिसलात की सारखं उठून यावंसं वाटतं. नसलात तर बसेन मी."

याचसाठी ताईंनी जिवाचं रान केलं होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

"बरं. नाही येत."

"मी जाऊ पुढे? वर्गातल्या त्या दोघी थांबल्यात."

"पळ."

तिघी बोलत बोलत चालू लागल्या. ताईंची वाटही तीच होती. त्यांना गाठायची वेळ येऊ नये म्हणून ताई वाकल्या आणि चांगला असलेला चपलेचा पट्टा उगाच नीट करत राहिल्या.