परतणाऱ्यांचा आकडा

राज्याच्या नियोजन खात्यात चौथ्या मजल्यावर एक खोली होती, आणि त्या खोलीत बसून पुढच्या दहा वर्षांत राज्याचं काय होणार हे सांगितलं जायचं. पाणी किती उरेल, शाळा किती लागतील, म्हातारी माणसं किती होतील, सगळं. त्या खोलीतला पंखा मात्र वर्षातून दोनदा अचानक बंद पडायचा, आणि तो पडणार हे आजवर कुणालाही आधी कळलं नव्हतं.

खोलीत दोन टेबलं होती. एकावर बाई बसायच्या. त्यांच्याकडे जन्म आणि मृत्यू. दुसऱ्यावर आपले हे गृहस्थ, ज्यांना अख्खा मजला ‘भविष्यवाले’ म्हणायचा. त्यांच्याकडे येणं-जाणं: राज्य सोडून किती लोक जातील, बाहेरून किती येतील आणि गेलेल्यांपैकी किती परततील. बाईंचं काम त्या मानाने सरळ. जन्माला दाखला लागतो, मेल्यावरही लागतो. जाणाऱ्याला निदान तिकीट तरी लागतं. परत येणारा मात्र दार वाजवतो आणि आत येतो, त्याची नोंद घरचे सोडून कुणी ठेवत नाही. त्यामुळे परतणाऱ्यांचा आकडा मोजलेला नसायचा, गृहीत धरलेला असायचा. आणि गृहीत धरायचं काम भविष्यवाल्यांचं.

घरी ते एकटे होते. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी त्याच्याही आधी गेली होती, पण ती लग्न करून, नवऱ्याबरोबर, विमानाने. घर दोन खोल्यांचं होतं आणि त्यातली एक ते फक्त केर काढायला उघडायचे. एकट्यापुरता भात पातेल्याला लागतो, म्हणून ते दोघांचा लावायचे आणि दोन्ही वेळा तोच खायचे. जेवताना टीव्ही लावायचे. बातम्या देणाऱ्या मुलीने अर्थव्यवस्थेबद्दल काही चुकीचं सांगितलं तर तिला समजावून सांगायचे. ती ऐकायची नाही. पण मध्ये बोलणारं कुणी असलं की घास नीट उतरतो.

त्या वर्षी ‘येणारी दहा वर्षं’ हा अहवाल तयार झाला आणि नियमाप्रमाणे हरकती व सूचनांसाठी खात्याच्या वेबसाइटवर टाकला गेला. दर वेळी दोनच सूचना यायच्या. एका गृहस्थांना त्यांच्या दारातलं गटार दुरुस्त करून हवं असायचं आणि एका कंपनीला खात्याला सॉफ्टवेअर विकायचं असायचं. जनतेतल्या एकाही माणसाने अहवाल वाचल्याची नोंद नव्हती. या वेळी एकीने वाचला. तिने रविवारी सकाळी फोन केला.

“बाबा, वाचला.”

“काय?”

“तुमचा अहवाल. सगळा.”

“सगळा? आमच्या सचिवांनीसुद्धा नाही वाचला अजून.”

“प्रकरण सहा पक्कं आहे का?”

“खात्याचं आहे.”

“बाबा, मी काय विचारतेय?”

“अगं, पक्कं म्हणजे... पक्कंच.”

“बाहेर गेलेली तरुण कुटुंबं या दहा वर्षांत मुलाबाळांसकट परततील, असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे लहान मुलं. म्हणजे दुधाचे दात.” मुलगी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर होती, तिचा सगळा विचार शेवटी तिथे येऊन थांबायचा. “वर्षभर आम्ही दोघं यावरच भांडतोय. याचं म्हणणं, तिकडे पोरंच उरली नाहीत, तू दवाखाना काढून बसणार कुणासाठी? काल मी त्याच्यासमोर प्रकरण सहा ठेवलं. गप्प बसला.”

“जावईबापू गप्प बसले?”

“तक्ता बघून. त्याचं काम काय, कंप्युटर उघडला की कुठूनही होतं. बाबा, माझी पार्टनर इथला माझा हिस्सा घ्यायला तयार आहे. शुक्रवारी सही करतेय. आम्ही येतोय.”

भविष्यवाले खुर्चीतून उठून उभे राहिले. तेवढ्यात मागून नातीचा आवाज आला. आजोबांकडचं बेसिन केवढं उंच आहे, असं ती विचारत होती. ते फोन हातात धरून न्हाणीघरात गेले आणि हाताने मापून म्हणाले, “तुझ्या नाकाएवढं.” नाक आता कुठवर आलंय हे त्यांना माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी बाजारातून एक ठेंगणं लाकडी स्टूल आणलं. ते बेसिनखाली ठेवलं आणि रात्री दात घासताना त्याला दोनदा अडखळले. दोन्ही वेळा त्यांना बरं वाटलं.

सोमवारी त्यांनी पहिल्यांदा बाईंना सांगितलं.

“अरे वा!” बाई म्हणाल्या. “कसं काय ठरवलं एकदम?”

“आपला अहवाल वाचून. शुक्रवारी तिथला हिस्सा विकायची सही आहे.”

बाईंनी चष्मा काढला. बाई चष्मा काढायच्या त्या फक्त बालमृत्यूचा तक्ता बघून झाल्यावर.

“कुठलं प्रकरण?”

“सहावं.”

“म्हणजे तुमचं.” बाईंनी अहवाल पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, “भविष्यवाले, तुमच्या त्या आकड्याच्या तळटीपा मी वाचल्यात. दर आवृत्तीत तुम्ही आकडा थोडा उचलता आणि खाली एक कारण देता. ‘परदेशातील पाळणाघरांचा वाढता खर्च.’ बरं, असेल. ‘मुलांना मातृभाषा न येण्याची खंत.’ तेही असेल. ही पुढची वाचा. ‘तेथील हिवाळा.’ याला आधार काय?”

“सर्वसाधारण निरीक्षण.”

“कुणाचं?”

भविष्यवाल्यांनी खिडकीबाहेर बघितलं. थंडीने बोटांना चिरा पडतात, ग्लोव्हज घालताना आग होते, असं मुलगी एकदा म्हणाली होती.

“आणि ही. ‘एकाकी वृद्ध पालकांविषयी वाटणारी काळजी.’ किती टक्के पालकांविषयी, किती मुलांना?” बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर भांडता तरी आलं असतं. “ही कारणं राज्याची नाहीत हो. एका बापाची आहेत. मी इतकी वर्षं बोलले नाही. म्हटलं, एवढं मोठं राज्य, त्याला एका माणसाची आशा काय जड होतेय. पण आता तुमची पोरगी त्यावर सही करायला निघालीय.”

“म्हणजे तुमच्या मते लोक परत येतच नाहीत?”

“येतात ना. अंत्यविधीला येतात. ते ज्यांच्यासाठी येतात त्यांची नोंद माझ्याकडे असते.”

ते दिवसभर बाईंशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाई जेवायला गेल्यावर, त्यांनी जुन्या आवृत्त्या काढल्या. आकडा पहिल्यांदा उचलला होता तो मुलगी गेली त्या वर्षी. मग नात झाली तेव्हा. सगळ्यात मोठी उचल बायको गेली त्यानंतरची. त्या वेळी आपण रजेवरून लवकर परतलो होतो आणि कामात फार लक्ष घातलं होतं, एवढंच त्यांना आठवत होतं. साहेबांनी कौतुकही केलं होतं.

त्यांनी आपली सगळी उचल काढून टाकली आणि हिशोब नव्याने चालवला. परतणाऱ्यांची रेघ आलेखाच्या तळाशी जाऊन आडवी झाली, आजारी माणसासारखी. शाळांची रेघ तिच्यामागोमाग खाली बसली. दुधाचे दात जवळजवळ नाहीसे झाले. पुढच्या दहा वर्षांत राज्याला लागणार होते ते कवळ्या करणारे.

बुधवारी ते सचिवांकडे गेले. सचिव साहेब मृदू स्वभावाचे होते. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता, आणि तरी त्यांच्याकडून ‘हो’ घेऊन आलेला माणूसही कुणी पाहिला नव्हता.

“सर, सहाव्या प्रकरणातला आकडा कमी करायला हवा.”

“किती?”

“बराच.”

“अहो, संबंध अहवालात ती एकच रेघ वर जाते. पाणी खाली, पिकं खाली, शाळा खाली. मंत्रिमहोदयांचं भाषण त्या रेघेवर उभं आहे. नाव काय ठेवलंय माहितीये? ‘लेकरं घरी येताहेत.’ त्याचं आता काय करायचं, ‘लेकरं तिकडेच बरी आहेत’?”

“पण आकडा चुकलाय, सर.”

“कुणी हरकत घेतलीय का?”

“मी घेतोय.”

“तुम्ही म्हणजे खातं. खात्याला स्वतःवर हरकत घेता येत नाही, तशी सोयच नाही.” सचिवांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. “आणि तुम्हालाच कसं कळलं चुकलाय म्हणून? दहा वर्षं तर अजून जायचीयत.”

खात्याचा सगळा धंदाच या ‘अजून’वर चालत होता.

राहिला गुरुवार. भविष्यवाल्यांना काही करायचीच गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं, आणि गप्प बसायचा सराव त्यांना नोकरीत भरपूर झालेला होता. मुलगी आली असती. स्टुलावर नात उभी राहिली असती. बंद खोली उघडी राहिली असती. पहिलं वर्ष दवाखान्याचा रंग वाळण्यात गेलं असतं. मग मुलगी पांढरा कोट घालून रिकाम्या खुर्चीशेजारी बसली असती, आणि संध्याकाळी घरी येऊन काही बोलली नसती. तिच्या आईसारखी, भांडी जरा जोरात ठेवली असती, बस. मग एक दिवस जावयाने तो तक्ता पुन्हा समोर ठेवला असता. इथपर्यंतचं भाकीत त्यांनी दोनतीनदा करून पाहिलं. पहिली दोन वर्षं इतकी चांगली जात होती की पुढची बघायचं त्यांच्या जिवावर येत होतं.

ऑफिसातून आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता त्यांनी फोन लावला.

“सही करू नकोस.”

“काय झालं? तब्येत बरी आहे ना?”

“माझी बरी आहे. आकड्याची नाही. तो चुकलाय.”

“म्हणजे किती चुकलाय?”

“नाहीच आहे तो.”

“बाबा, वेबसाइटवर आहे. खात्याचा शिक्का आहे त्याच्यावर. आला कुठून मग?”

येताना बसमध्ये त्यांनी यावर बरंच जुळवलं होतं. नमुना पाहणी, अपुरी माहिती, गृहीतकांच्या मर्यादा. त्यातलं काहीच वेळेवर तोंडात आलं नाही.

“मी घातला.”

“कशावरून?”

पलीकडे नातीचं कार्टून चालू होतं. कुणीतरी धबाधबा पायऱ्यांवरून पडत होतं.

“तुझ्यावरून,” ते म्हणाले. “आधी थोडासाच. मग तुझा फोन येऊन गेला की वाटायचं, अजून थोडा.”

तिने कार्टूनचा आवाज बंद केला. मग म्हणाली, “तुम्ही नुसतं ‘ये’ म्हणायचं ना, बाबा.”

“म्हटलं असतं तर आली असतीस?”

ती त्यांचीच मुलगी होती, आधार असल्याशिवाय बोलायची नाही. “माहीत नाही,” ती म्हणाली.

“तेच तर. म्हणून मग सगळ्यांनाच बोलावलं.”

ती हसली. हसता हसता नाक शिंकरल्याचा आवाज आला. “आता म्हणा मग.”

“काय?”

“ये म्हणा.”

भविष्यवाल्यांनी भिंतीला हात टेकवला. शब्द केवढासा, एका अक्षराचा. इतकं सोपं काम त्यांना खात्याने कधी दिलं नव्हतं.

“तिकडे पोरांचे दात कसे आहेत?” त्यांनी विचारलं.

“किडके. सगळे. रांग लागते.”

“मग बघ त्यांच्याकडे.”

“बाबा...”

“दूध उतू जातंय,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दूध फ्रीजमध्ये होतं.

शुक्रवारी सही झाली नाही. मुलीचा मेसेज आला, सुट्टीत येऊन जाऊ, नक्की. त्यांनी त्यावर अंगठा पाठवला, मग तो कोरडा वाटेल म्हणून एक फूलही पाठवलं.

पुढच्या आठवड्यात अहवाल वाजतगाजत प्रसिद्ध झाला. सगळ्या पेपरांनी पहिल्या पानावर तीच एक वर जाणारी रेघ छापली. खात्यात सगळ्यांना पेढ्याऐवजी सचिवांच्या सहीचं अभिनंदनपत्र मिळालं. बाईंनी स्वतःचं पत्र दुमडून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं आणि त्यांच्याकडे न बघता विचारलं, “बोललात?” ते म्हणाले, “बोललो.” बाईंनी डब्यातला अर्धा भाग त्यांच्या ताटलीत वाढला, आणि त्या दिवशी दोघं एकाच टेबलावर जेवले.

घरी आले तर वरच्या मजल्यावर काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता. खर्रर, मग शांतता, मग पुन्हा खर्रर. वर एक काकू राहायच्या, त्यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. दोन मुलगे, दोघंही बाहेर. भविष्यवाल्यांनी जरा वेळ छताकडे बघितलं. काय चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते तसेच जिना चढून वर गेले. सचिवांना सांगून पाहिलं होतं, मुलीला सांगितलं होतं. आकडा चुकल्याचं सांगायची ही तिसरी वेळ.

दार उघडंच होतं. काकू आतल्या खोलीत एका लोखंडी पलंगाशी झटत होत्या, पदर खोचून, धापा टाकत. खुर्चीवर पेपर होता.

“या या, देवासारखे आलात,” त्या म्हणाल्या. “तुमच्याच खात्याने काढलाय ना हो हा अहवाल? सगळा वाचला मी, चष्मा लावून. सगळेच येतील असं नाही म्हटलंय तुम्ही, मला कळतं. थोरला नाही यायचा, त्याची बायको तिकडची. पण धाकट्याचं मला वाटतंय. त्याला थंडी कधी सोसलीच नाही.”

“काकू, तो जो आकडा आहे ना...”

“ते सांगा सावकाश. आधी हे धरा तिकडून. एकटीला हलत नाही.”

त्यांनी पलंगाचं दुसरं टोक धरलं.

“कुठे न्यायचा?”

“खिडकीशी. वाचत पडायची सवय आहे त्याला.”

दोघांनी मिळून पलंग खिडकीशी नेला. काकूंनी मागे सरून, कमरेवर हात ठेवून तो पाहिला. पडदा ओढून पाहिला, पुन्हा उघडून पाहिला.

“नको,” त्या म्हणाल्या, “इथे सकाळचं ऊन तोंडावर येईल. त्या भिंतीला लावू या. दमला नाहीत ना?”

“नाही,” भविष्यवाले म्हणाले, आणि पुन्हा वाकले.