पिशवीच्या तोंडावर मी पांढरी पडले

आज मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शिबिरातल्या सिस्टरनं तपासणीसाठी माझ्यावर सिरका लावला, आणि मी पांढरी पडले. तोवर मी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मी राळेगावकडच्या दीपाच्या गर्भपिशवीच्या तोंडावरची पेशी बोलतेय.

माझ्या गाभ्यात अख्ख्या दीपाची शिकवण लिहिलेली आहे. डोळा कसा घडवायचा, केस कसा वाढवायचा, सगळं. पण मी माझ्यापुरतं वाचते, बाकीचं मिटून ठेवते. एकीच्या दोघी कधी व्हायचं हेही तिथंच लिहिलेलं. आणि ‘थांब’ म्हणायला माझ्यात राखणदार होते.

लग्नानंतर केव्हातरी, नवरा-बायकोच्या संबंधातून पसरणारा एक विषाणू आला. यात दीपाची काही चूक नाही. तो बहुतेक बायांकडे येतो, आणि बहुतेकींचं अंग त्याला आपसूक घालवून देतं. माझ्याकडचा गेला नाही. त्याला स्वतःला काही करता येत नाही, म्हणून त्यानं आपल्या ओळी माझ्यापुढे ठेवल्या. मी साधी, लिहिलेलं करत गेले. माझ्याच हातानं त्याचे हस्तक घडवले, आणि त्यांनी माझे राखणदार निकामी केले. मग मिटलेलं उघडलं, उघडं होतं ते मिटलं. एकीच्या दोघी, दोघींच्या चौघी. थांब म्हणायला कोणी उरलं नाही.

दीपाला काही दुखलं नाही. लेकीला पाजत होती, कापसाच्या वेचणीला जात होती. आज शिबिर होतं म्हणून आली. सिरक्याचा वास आला तशी घाबरत हसली, “बाई, माह्यं लोणचं घालता काय?” सिस्टरही हसल्या. मग मी दिसले, अन् त्यांनी दिवा जवळ ओढला.

त्यांनी समजावलं, हा कॅन्सर नाही, पण तसाच सोडला तर पुढं होऊ शकतो. डाग आजच शेक देऊन जाळता येतो. दीपा उठूनच बसली. “कापूस वेचून झाला का येतो,” म्हणाली.

बाहेर सासू इंदूबाई नात मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत बोलावून सगळं सांगितलं.

“आत्याबाई, मले काही झालं तं पोरीले कोण पाहीन?”

इंदूबाईनं नातीच्या तोंडातून आपला पदर सोडवला. “म्हणून तं म्हणतो, आत्ताच करून घे. माही बहीण बी दुखत नाही म्हणत राह्यली, अन् याच्यातच गेली. कापूस मी वेचतो. तुह्यापेक्षा जास्तच वेचतो.”

दीपा पुन्हा आडवी झाली.

आता शेक जवळ येतोय. मला राग नाही. मी तिच्याच घासावर वाढले. तिच्या लेकीला वाट दिली तेव्हा मीही ताणले होते. मी गेले तर ती राहते. माझ्या जागी नव्या येतील, थांब म्हटलं की थांबणाऱ्या. वर्षानं पुन्हा तपासायला यायचंय, ते इंदूबाई विसरू द्यायची नाही.

एवढं करा. मी दुखत नाही, हाक मारत नाही. म्हणून तुमच्या शेजारी जी कोणी वच्छलाबाई असेल तिला सांगा, तिनं तिच्या सुनेला सांगावं. तपासून घ्या, पोरी नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की त्या विषाणूवरची लस द्या. वेचणी संपायची वाट पाहू नका म्हणावं.