राणीच्या चादरीचे कोपरे

"या चादरी कुणी घातल्या?" संग्रहालयाच्या मॅडमनी डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं.

"मीच. का हो?" अक्का म्हणाली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अडतीस वर्षं इस्पितळात नर्स होती. निवृत्त झाल्यावर हिच्या मैत्रिणी गुडघे धरून बसल्या. हिने टाके घालायची वाकडी सुई आणि चिमटा घेऊन देशोदेशीच्या चिमुकल्या खोल्या बांधायला काढल्या. एका फुटाला एक इंच, असं माप. इजिप्तच्या लेखनिकाची, जपानी विणकराची, फ्रान्सच्या राणीची, जहाजाच्या कप्तानाची... नऊ वर्षांत बारा खोल्या झाल्या. बाराही खोल्यांत अंथरूण आहेच. नर्सच्या डोक्यात खाटेशिवाय खोली असते कुठे? राणीच्या खोलीत एकदा मुंगी शिरली, ती पायपुसण्याला पाय पुसून मगच आत गेली. मी स्वतः पाहिलंय. पटत नसेल तर मुंगीला विचारा.

आता या खोल्या संग्रहालयात कायमच्या राहायच्या, की परत आमच्या कपाटावर धूळ खायच्या, हे त्या भिंगाच्या हातात होतं.

"काम अप्रतिम आहे," मॅडम म्हणाल्या. "पण सिस्टर, कोपरा असा तिरका दुमडून गादीखाली खोचायचा, ही इस्पितळाची पद्धत. तीनशे वर्षांपूर्वीच्या राणीकडे ती कुठून आली? आणि लेखनिकाकडेही तीच! हे असं नाही ठेवता येणार मला. परवा कमिटी येतेय."

मला वाटलं, अक्का आता कमिटीसकट सगळ्यांना एनिमा देणार. पण ती शांतपणे म्हणाली, "चूक ती चूक. दुरुस्त करते."

खोल्या घरी आणून तिने चिमट्याने राणीची चादर ओढली, सैल सोडली. मी पाण्याचा घोट घेऊन बघतो, तर कोपरा पुन्हा खोचलेला!

"अगं, परत केलंस!"

"मी कुठं? हातांनी केलं."

असं चारदा झालं. पाचव्यांदा तिने चिमटा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पेशंटच्या पाठीखाली एक सुरकुती राहिली तरी जखम होते रे. अडतीस वर्षं हेच केलं. आता हात ऐकत नाहीत."

थोड्या वेळाने तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "बाबड्या, तू जन्मात कधी अंथरूण नीट घातलंयस?"

"एकदाही नाही!"

"मग हात धू आणि बस इथं. तुझ्यासारखा गबाळा मला शोधून सापडायचा नाही."

बारा अंथरुणं मी विस्कटली. राणीचं तर असं, की बाई आत्ताच नवऱ्याशी भांडून उठलीय. अक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. "झालं का? सांगू नकोस कसं दिसतंय ते."

कमिटीला बाराही खोल्या पसंत पडल्या. "वा! आता कशी त्या काळातली वाटतात," मॅडम म्हणाल्या. "कुणी केलं हे?"

"माझ्या भावाने," अक्का म्हणाली. "लहानपणापासूनचा सराव आहे त्याचा."

उद्घाटनाला ही गर्दी! इस्पितळातल्या झाडून सगळ्या जुन्या नर्सा आल्या होत्या. "सिस्टर, या सगळ्या तुम्ही एकटीने?" त्या विचारत होत्या, आणि मी मध्येच घुसून माझा वाटा सांगत होतो. अक्का राणीच्या खोलीपुढे ताठ उभी होती, मोठे डॉक्टर राउंडला आल्यावर उभी राहायची तशी. सगळ्यांशी हसून बोलत होती. फक्त दोन्ही हात तिने पाठीमागे एकमेकांत असे घट्ट धरले होते, की बोटं पांढरी पडली होती.