काळं कापड न मिळालेला झेंडा

मित्रांनो, इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅमजवळच्या एका कोळसाखाणीचा मी झेंडा. आता म्हातारा झालोय. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच, अस्सल रेशमाचा, आणि खरं सांगायचं तर नको तितका गर्विष्ठ. मला उचलायला दोन दांडे आणि वारा सुटला की दोऱ्या धरायला चार जण लागत. मग गर्व का नसावा?

माझा जन्म एकोणीसशे एकोणपन्नासचा. युद्ध संपून चार वर्षं झाली होती. खाणी मालकांच्या हातून जाऊन देशाच्या झाल्या होत्या, आणि नव्या सरकारमुळे दवाखान्यात औषधपाणी फुकट मिळू लागलं होतं. माझ्यावर चित्र कशाचं काढायचं यावर युनियनच्या बैठकीत भांडण जुंपलं. कुणाला सिंह हवा होता, कुणाला सूर्योदय. सेप रटर नावाचा खाणकामगार उठला आणि म्हणाला, "पंतप्रधान ॲटलींचं चित्र काढा."

"तो टकल्या? पाईप ओढणारा? अरे, मेळाव्यात लोक हसतील आपल्याला!" कुणीतरी ओरडलं.

"हसू देत," सेप म्हणाला. "हा माणूस आधी आला असता, तर फीच्या धास्तीने माझ्या आयव्हीसाठी डॉक्टर बोलवावा की नको, याचा विचार करत मी दोन दिवस बसलो नसतो."

आयव्ही ही त्याची मुलगी. चार वर्षांची असताना वारली. त्यानंतर कुणी सिंहाचं नाव काढलं नाही.

दर जुलैत डरहॅमला सगळ्या खाणींचा मेळावा भरे. पुढे बँड, मागे मी, माझ्यामागे अख्खं गाव. आमच्याकडे एक रीत होती. वर्षभरात खाणीत कुणाचा जीव गेला असेल, तर माझ्या माथ्यावर काळं कापड बांधायचं. मग बँड संथ सूर धरी आणि रस्त्यातले अनोळखी लोकही टोप्या काढत. बावन्न साली छत कोसळून मॅटी हा कोवळा पोरगा गेला, तेव्हा मी ते कापड पहिल्यांदा ल्यालो. सेपच्या बायकोने, विनीने, ते शिवलं होतं. लेकराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं तिने ते माझ्यावर सारखं केलं. त्या दिवशी माझा सगळा तोरा उतरला.

पुढे सेपला खोकला लागला. तीस वर्षांची कोळशाची धूळ छातीत बसली होती. शेवटची दोन वर्षं तो खिडकीजवळच्या खाटेवर होता. नर्स सायकलवरून यायची, प्राणवायूची नळकांडी बदलायची, एक पेनी मागायची नाही. सेप धापा टाकत तिला म्हणायचा, "बाई, त्या पाईपवाल्याला माझा रामराम सांगा हं." सहासष्टच्या मार्चमध्ये तो गेला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, छातीचा विकार.

जूनमध्ये विनी युनियनच्या सभागृहात आली. मी भिंतीवर होतो, म्हणून सगळं ऐकलं. युनियनचा सचिव नॉर्मन हेस्लप टेबलाशी बसला होता. तो सेपबरोबर वीस वर्षं एकाच बोगद्यात राबलेला.

"नॉर्मन, यंदा झेंड्याला काळं कापड लागेल. मी शिवून आणलंय."

"कुणासाठी? यंदा कुणी गेलं नाही, देवाची कृपा."

"सेप गेला की."

"अगं विनी, सेप घरी गेला, अंथरुणात. कापड खाणीत मेलेल्यांचं असतं. माझा बाप खाणीत गेला, त्याला मिळालं."

"सेपला खाणीनेच मारलं रे. घरी आला तेव्हा ती छातीत घेऊनच आला."

नॉर्मनने समोरची वही मिटली. मग म्हणाला, "ते मला कळत नाही का? पण तुला हो म्हटलं, तर उद्या प्रत्येक घरातून कापड येईल. मग झेंडा दिसायचाच नाही, विनी."

"न दिसू दे."

"नियम आहे गं."

विनीने कापडाची घडी घातली आणि ती निघून गेली. मला ओरडावंसं वाटलं. पण झेंड्याला तोंड नसतं, नुसता चेहरा असतो, आणि तोही दुसऱ्याचा.

मेळाव्याच्या सकाळी आम्ही तिच्या दारावरून गेलो. बँड जोरात वाजत होता. ती फाटकाशी उभी होती, पण तिने वर पाहिलं नाही. दुपारी पाऊस आला आणि घाईघाईत मला ओलंच गुंडाळलं. त्याच शरद ऋतूत खाण बंद पडली. माणसं कामासाठी दक्षिणेला गेली. मी सभागृहाच्या कपाटात पडून राहिलो. विनी वारल्याचं मला कपाटाच्या बंद दाराआडूनच ऐकू आलं.

तेवीस वर्षांनी कपाट उघडलं. नॉर्मन होता. पार वाळला होता, नाकाला नळी, शेजारी चाकांवरचं प्राणवायूचं नळकांडं. तेही फुकटच. माझ्यावरच्या माणसाने सुरू केलेलं काम अजून घरोघरी पोचत होतं. सोबत सभागृह सांभाळणारी डोरीन होती.

"मलाही सेपचंच झालंय," तो तिला म्हणाला. "यंदा मला मेळाव्याला झेंडा न्यायचाय. कापड आणलंय. सेपसाठी."

त्यांनी मला जमिनीवर उलगडलं. ओलीने रंग एकमेकांना चिकटले होते. उलगडताना चित्राचा चेहरा सोलून निघाला. नॉर्मनने माथ्यावर टाचणी लावली, आणि माझं रेशीम टरकलं. त्याने दुसरीकडे लावली. तिथेही टरकलं.

"राहू द्या, काका," डोरीन म्हणाली. "आता टाचणी नाही धरणार तो."

नॉर्मन कापड मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. "हो म्हणायचं होतं नुसतं," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मित्रांनो, मला ओलं गुंडाळलं म्हणून माझा राग नाही. रेशीम कधीतरी विरतंच. पण तुमच्या दारी कुणी आपलं दुःख घेऊन आलं, तर नियम नंतर बघा, आधी त्याच्या हातातलं कापड घ्या. आणि वेळेत घ्या. सहासष्ट साली मी धडधाकट होतो. गावातल्या प्रत्येक घरातून कापड आलं असतं, तरी मला ते पेललं असतं.