दिवेलागणीची हाक

सारजाबाईच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. बाई कष्टाळू, नीतीची, कुणाच्या अडीनडीला धावून जाणारी. पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्यानं आपली अब्रू गोळा करून घर गाठावं हे बरं. शेजारणीकडं चिमूटभर मीठ मागायचं तरी दोन शिव्या हासडल्याशिवाय तिला मागता येत नसे. सून मथुरा घरात येऊन दोन वर्षं होत आली होती, पण सासूनं तिला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. भवाने, अवदसे, सटवे, एवढ्यावर काम भागत होतं. दोन वेळा पोटभर खायला घालतोय, आजारपणाला जागतोय, मग आणखी गोड बोलायचं ते कशाला, असा सारजाबाईचा रोकडा हिशेब होता.

बहात्तरचा दुष्काळ होता. सोलापूर शहर जिथं संपतं आणि अक्कलकोटचा रस्ता सुरू होतो, तिथं त्यांची पत्र्याच्या खोल्यांची वस्ती. नळ तिथवर कधी पोचलाच नव्हता. टँकर आला तर आला, नाहीतर माळावरची जुनी विहीर. तिच्यात पार तळाशी उतरायचं, कपारीत झिरपणारं पाणी तांब्यानं कळशीत भरायचं आणि जीव मुठीत धरून वर यायचं.

त्या दिवशी दिवस बुडता बुडता मथुराच्या पायाचा धक्का लागून चुलीजवळचा हंडा कलंडला. घरात होतं नव्हतं तेवढं पिण्याचं पाणी जमिनीनं गिळून टाकलं. सारजाबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"आंधळी झालीस का गं भवाने? माजा पोरगा रामहरी गिरणीतनं तहानला येईल, त्याला काय तुझं रगत पाजू? जा, त्या हिरीतच जाऊन पड! तोंड दावू नगंस मला परत!"

मथुरानं मान खाली घातली. पदरानं तोंड पुसलं, कळशी कडेवर घेतली, तांब्या उचलला आणि गेली.

सारजाबाईनं पुटपुटतच काडी ओढली, दिवा लावला, हात जोडले. आणि जोडलेले हात तसेच राहिले. दिवेलागणीच्या वेळी वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे तिनंच वस्तीतल्या कितीतरी पोरींना दरडावून सांगितलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! आता तिला आपलेच शब्द आठवले, अगदी एकेक. गेल्या महिन्यात पलीकडच्या वस्तीतली एक बाई त्याच विहिरीत पडून मेली होती. कुणी म्हणालं पाय घसरला, कुणी म्हणालं घसरला नाही. तिच्या चपला तेवढ्या काठावर सापडल्या होत्या.

 सारजाबाई दारात आली, आत गेली, परत दारात आली. माळाकडची वाट रिकामी होती आणि उजेड भराभर कमी होत होता.

शेजारची गोजरबाई कंदिलाची काच पुसत उंबऱ्यावर बसली होती. तिनं विचारलं, "सूनबाई कुटं दिसंना वं?"

"हाय की आत. डोस्कं दुकतंय म्हून पडलीय."

खोटं बोलून झाल्यावर सारजाबाईला आणखीच भीती वाटली. मधे नुसता पत्रा. पलीकडं भाकरी थापलेलीसुद्धा ऐकू येते, मग आपलं ओरडणं गोजरबाईनं ऐकलं नसेल? उद्या पोलीस आले आणि हिनं सांगितलं, सासूनंच हिरीत पड म्हटलं, तर? पण पोलिसांचं भय तिच्या मनात फार वेळ टिकलं नाही. तिला मथुराची मान दिसायला लागली, शिव्या खाताना खाली गेलेली. दोन वर्षांत त्या पोरीनं एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. नुसती गप्प ऐकत राहिलेली बाई एखाद्या दिवशी ऐकलेलं खरंच करून दाखवेल, हे आजवर आपल्या ध्यानात कसं आलं नाही?  पायात काही न घालताच सारजाबाई माळाकडं पळत सुटली.

विहिरीशी पोचली तेव्हा धाप लागून तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती. काठावर मथुराच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

"अगं माझे आई," एवढंच तिच्या तोंडून निघालं. खाली उतरताना सगळ्याच बायका चपला काठावर काढतात, ती स्वतःसुद्धा काढायची. पण त्या घडीला हे तिला कुठलं सुचायला! ती काठावर पालथी पडली आणि आत डोकावली. वरच्या चारदोन पायऱ्या दिसत होत्या, त्याखाली काळामिट्ट अंधार.

"मथुरा!" तिनं हाक मारली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, इतका तो मऊ होता. "मथुराबाई, ये गं माझे बाय वर. मी न्हाय रागावत. ये की गं सोन्या."

खाली काहीतरी खळबळलं. मग तेही थांबलं.

"बाळा, चुकलं माजं. ओ दे की गं! एकदा तरी ओ दे!"

उत्तर नाही. सारजाबाईची पाचावर धारण बसली. पाण्यात पडली असेल, जखमी असेल, शेवटचा श्वास चालू असेल, काय काय तिच्या मनात येऊन गेलं. मागून कंदील हलत आला. तिला धावताना पाहून गोजरबाई पाठोपाठ निघाली होती. तिला बघताच सारजाबाईचा बांध फुटला.

"मीच म्हनलं गं तिला, हिरीत पड म्हून! मीच मारली गं माज्या हातानं!"

"म्हाईत हाय मला. ऐकलंय मी," गोजरबाई म्हणाली.  तिनं कंदील आत धरला, पण उजेड तळाला पोचेना.

मग भीतीनं सारजाबाईचं डोकंच फिरलं. तिनं दोन्ही हातांनी काठावर धपाटे घातले आणि जिवाच्या आकांतानं किंचाळली, "अगं ए सटवे! मुडदा बशिवला तुजा! मेलीस का जित्ती हायस ते तरी सांग की गं अवदसे!"

"जी, आले आत्याबाई!" तळातून लगेच उत्तर आलं.

कळशी घेऊन मथुरा एकेक पायरी चढत वर आली. भिजलेली, पांढरीफटक पडलेली, नखशिखांत थरथरत होती. गोजरबाईनं कळशी धरून तिला काठावर ओढलं.

"आगं, मगाधरनं सासू हाका मारतीया, ओ का दिली न्हाईस?"

मथुरानं एकदा सासूकडं, एकदा विहिरीकडं पाहिलं. "मला वाटलं, ती मेलेली बाईच बलावतीया," ती हळूच म्हणाली. "आवाज आत्याबाईंचाच हुता, पर बोलनं त्यांचं नव्हतं. लई भ्याले मी. कपारीत आंग चोरून बसले, श्वास बी घेतला न्हाई. मग शिवी आली, तवा कळलं आपलंच मानूस हाय."

गोजरबाईला हसू फुटलं, पण सारजाबाईचं तोंड बघून तिनं ते गिळलं.

सारजाबाईनं पुन्हा एकदा विहिरीत डोकावून पाहिलं. एवढ्या काळोखात, एवढ्या खोल, ही पोर कुणाला घाबरून बसली होती? आपल्या गोड बोलण्याला. भुताचं वाटावं, इतकं ते आपल्या तोंडी परकं होतं. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. पुढं होऊन तिनं दोन्ही हात पसरले.

"दे मथुरा, ती कळशी हिकडं. दमलीस गं बाय तू."

मथुरानं कळशी दिली नाही. ती एक पाऊल मागं सरकली, गोजरबाईच्या हातातला कंदील तिनं धरून खाली केला, आणि सासूची अनवाणी पावलं सरळ आहेत की उलटी, ते आधी नीट पाहून घेतलं.