बिनवासाची पात

तापातून उठल्यावर वहिनीला सगळं परत मिळालं, नाक तेवढं मिळालं नाही. म्हणजे होतं जागच्या जागी, चांगलं सरळ, पण कामातून गेलेलं. आणि बाईचं काम कोणतं, तर कारखान्याच्या खानावळीत सकाळी आलेली भाजी हुंगून निवडायची! स्वयंपाकघरात तिच्या नाकाचा केवढा दबदबा. जुडी नाकाशी नेली, की ही लसणाची पात, ही कांद्याची, हा लीक नावाचा विलायती कांदा, असं ती न बघताच सांगायची.

खानावळीची मुख्य होती तिची थोरली नणंद. नाकानं कांदे सोलण्यात या बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. काम जमत नसेल त्यानं घरी बसावं, हे तिचं लाडकं वाक्य, आणि सख्ख्या भावाच्या बायकोलाही त्यातून सूट नव्हती. घरी बसायची नुसती कल्पनाही वहिनीला सोसायची नाही. घरात ती कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. इथे लोक हातातलं काम थांबवून तिचं मत विचारायचे. म्हणून ती गप्प बसली आणि पूर्वीसारखीच जुडी नाकाशी धरू लागली. ते सगळं नाटक होतं.

पण ओळखायचं कसं? मग तिनं बघायला सुरुवात केली, आणि काय सांगू, तिला त्याचं वेडच लागलं. रोज हाताखालून जाणाऱ्या भाजीकडे आपण कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, याचं तिला नवल वाटलं. कांद्याची पात चिमटीत दाबली तर पोकळ, नळीसारखी. लसणाची चपटी, मधोमध घडी पडलेली. लीकही चपटाच, पण चांगला रुंद, आणि पानं दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरलेली. चाइव्ह नावाची विलायती पात दिसायला गवत, पण मोडली तर आत पोकळ. म्हणजे ही कांद्याच्या वळणावर गेलेली. शॅलटनं मात्र तिला छळलं. वरून पाहावं तर लहानसा कांदाच. शेवटी तिनं एक सोलला, तर आत दोन पाकळ्या निघाल्या, एकमेकींना पाठ लावून रुसून बसल्यासारख्या. ती एकटीच हसली आणि आणखी दोन-चार सोलून बघितले, काही गरज नसताना.

एके सकाळी कारखान्याचा माळी मोठी पाटी घेऊन आला. खानावळीमागची पडीक जागा साफ करताना त्याला हे घबाड सापडलं होतं.

"लसणाची कोवळी पात आहे," तो म्हणाला. "कुणी लावली देव जाणे. घालून टाका आजच्या भाजीत."

वहिनीनं पान चिमटीत धरलं. चपटं. खाली पांढरा गड्डा, अजून पाकळ्या न पडलेला, कोवळ्या लसणाचा असतो तसाच. नणंदेनं कांदा चिरता चिरता विचारलं, "काय गं, लसूणच ना?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण पान जरा जाड होतं, आणि टोकाला लसणासारखं निमुळतं होण्याऐवजी बोथट. असं पान तिनं पाहिलंच नव्हतं. आधी तिला गंमत वाटली, मग एकदम भीती वाटली. डोळ्यांना इतकं कुठे कळायला लागलं होतं अजून? आणि ही पाटी सगळ्या कारखान्याच्या पोटात जाणार होती.

"वन्सं, हे तुम्ही हुंगा," ती म्हणाली. "मला वास येत नाही. तापापासून."

सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या. नणंदेनं तिच्याकडे रोखून पाहिलं, पान ओढून घेतलं, चुरगाळलं आणि हुंगलं. "येतोय की चांगला घमघमीत. चला, घ्या चिरायला. तुझं मी नंतर बघते."

वहिनी नणंदेच्या बोटांकडे बघत राहिली. सकाळपासून पोतंभर कांदा चिरून ती बोटं रसानं चिकट झाली होती.

"तुमच्या हातांना कांद्याचा वास असेल, वन्सं. बाहेर चला आणि हात न लावता हुंगा."

"आता तू मला शिकवणार?"

"हो. मग खुशाल काढा मला. आधी चला."

नणंद पाय आपटत मागच्या दारी गेली. हात पाठीमागे बांधून उभी राहिली, आणि माळ्यानं नवं पान मोडून तिच्या नाकाशी धरलं. तिनं हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"गवत," ती म्हणाली. "नुसतं गवत."

माळ्याचा चेहरा पडला. तिथे पूर्वी फुलांचा वाफा होता, ते त्याला तेव्हा आठवलं. "त्या फुलांचेच कंद असणार," तो पुटपुटला. "विषारी असतात ते." पाटी उचलून तो निघूनच गेला.

दोघी मागच्या दारच्या नळाशी उरल्या.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही घरी बसवलं असतंत."

"बसवलं असतंच," नणंद म्हणाली. तोंडदेखलं बोलणं तिला कधी जमलं नाही. मग तिनं स्वतःची बोटं हुंगली आणि तशीच उभी राहिली. "मी घमघमीत म्हणाले गं. चिरायलाही सांगितलं."

असं काही कबूल करताना वहिनीनं तिला कधी ऐकलं नव्हतं. तिला नणंदेची फार माया आली.

"मघाशी तू ते पान दाबून काय बघत होतीस?" नणंद पालथ्या खोक्यावर बसली. "मला दाखव."

वहिनीनं आतून लसणाची खरी पात आणून तिच्या हातात दिली. नणंदेनं सवयीनं ती नाकाकडे नेली, मध्येच थांबली, आणि खाली आणून चिमटीत धरली.