हलक्या विणीच्या टोप्या

"चार पानं खरडलीत, पण माझ्या गुडघ्याची एका शब्दानं चौकशी नाही," दोन्या त्रान्सितो पुटपुटल्या.

"त्यातली दोन तर खेचरीच्या खुरावर आहेत, आई," लेक एर्सिलिया म्हणाली.

"बघ! खेचरीचा पाय विचारतो मेला!"

सून रोसेंदा हसली नाही. तिला वाचता येत नसे, म्हणून नवऱ्याचं पत्र नणंदेच्या तोंडून ऐकायचं आणि ऐकताना हात थांबवायचे नाहीत. त्यांच्या सापातोका गावात टोप्या भल्या पहाटे विणायच्या. ऊन चढलं की ताडाचं पातं कोरडं पडून तुटतं.

बेलिसारियो दरवर्षी टोप्या घेऊन नदीकाठच्या गावांत फिरायचा. आधीची पत्रं कशी असायची! डास, महागडी खानावळ, आणि "वीण तपासायला अमक्या टोपीत पाणी भरलं, एक थेंब गळला. रोसेंदा, लक्ष कुठं होतं तुझं?" त्या एका थेंबावरून ती आठवडाभर धुमसायची. परत कधी येणार तेही पहिल्याच ओळीत असायचं.

यंदाच्या तिन्ही पत्रांत ती ओळ नव्हती.

"'मागं सांगितलेल्या हलक्या विणीच्या चारशे टोप्या आता पाठवा,'" एर्सिलिया वाचत होती. "'तीन महिने टिकल्या तरी पुरे. रिबन लाल.'"

"मोठं गिऱ्हाईक गाठलंय पोरानं," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "उसाच्या मळ्यावर मजूर लागतातच की."

"मजूर तीन वर्षं एक टोपी वापरतो, आई."

"तुला फार कळतं व्यापारातलं!"

रोसेंदाचा शिपाई भाऊ आनसेल्मो मागच्या महिन्यात एका रविवारी चर्चहून परस्पर इथंच आला होता. कोकोचे दोन पेले रिचवून त्यानं सरकारी बराकीसाठी दोनशे टोप्या सांगितल्या होत्या. "टिकाऊपणाचं मनावर घेऊ नकोस, ताई. रिबन तेवढी निळी." त्याही टोप्या बेलिसारियोच्या टोप्यांसोबत कोपऱ्यात रचलेल्या होत्या. रिबन लागली नव्हती, त्यामुळं कुठली कुणाची हे विणणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. तिघी रोज त्या ढिगाला वळसा घालून चुलीपाशी जात.

"न्याहारीनंतर टपालवाला निघेल," एर्सिलियानं दौत उघडली. "नेहमीचंच लिहू ना? सगळे खुशाल, टोप्या पाठवतो, देव तुला सुखरूप ठेवो?"

"हो, हो, तेवढंच लिही," सासूबाई म्हणाल्या. "परक्या मुलखात त्याच्या जिवाला घोर नको."

रोसेंदाच्या हातातलं पातं तुटलं. ऊन अजून उंबऱ्यापर्यंतही आलं नव्हतं. तिनं तुटकं टोक आत खुपसायला घेतलं, मग टोपीच मांडीवरून खाली ठेवली.

"वन्सं, मी सांगते तसं लिहा."

"रोसेंदा," सासूबाई म्हणाल्या. आवाजात दटावणी कमी आणि विनवणी जास्त होती. "दार उघडं आहे गं."

"असू दे. लिहा: तू टोप्या विकायला गेलेला नाहीस, बेलिसारियो. लढाई होणार आहे, तू लाल रिबनवाल्या बंडखोरांकडून लढणार आहेस, आणि समोर निळ्या रिबनवाल्यांत माझा भाऊ असणार आहे."

एर्सिलियाची लेखणी हवेतच राहिली.

"लिहा ना," रोसेंदा म्हणाली. "आणि पुढं लिहा, की दोघांतला एकच परत येईल, आणि तो कोण यावा हे मला विचारू नकोस."